कुंडीतली रास्पबेरी

रेडिंग, इंग्लंड,
१४ सप्टेंबर

प्रिय नीलू,

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्याशा अंगणात लावतेस तरी काय गं?" तेव्हा घाईत होते. आज निवांत बसून लिहिते.

अंगण म्हणजे मागच्या दाराशी बारा बाय दहाची जागा, तीही फरश्यांची. त्यामुळे जे काही आहे ते कुंड्यांत. १८ इंची चार कुंड्या, चारींत रास्पबेरी. दोन कुंड्यांत 'ग्लेन अँपल', हा स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ तयार झालेला बिनकाट्याचा वाण. दोन कुंड्यांत केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राचा 'ऑटम ब्लिस'. सध्या हाच फळतोय.

आधी फक्त ग्लेन अँपल होता. नोव्हेंबरात लावला, पुढच्या उन्हाळ्यात हिरवेगार फोक माझ्या खांद्यापर्यंत आले. फेब्रुवारीत शेजारच्या आजोबांनी त्यांची झाडं जमिनीलगत साफ कापलेली पाहिली आणि मीही कात्री चालवली. त्या जुलैत एक फळ दिसलं नाही. नुसता पाला. रोज संध्याकाळी पाणी घालताना पोटात तुटायचं.

आजोबांची झाडं ऑटम ब्लिसची होती, हे नंतर कळलं. रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं जगतात, पण जमिनीवरच्या फोकाचं आयुष्य दोनच वर्षांचं. ग्लेन अँपलचा फोक पहिल्या वर्षी हिरवा वाढतो, दुसऱ्या वर्षी तपकिरी होतो, तेव्हा त्याला फळ धरतं आणि मग तो वाळतो. म्हणजे मी कापले ते पुढच्या जुलैचे फोक! फळून गेलेले तेवढे काढायचे आणि नवे हिरवे बांबूला बांधून ठेवायचे, एवढंच काम होतं. ऑटम ब्लिस मात्र त्याच वर्षीच्या फोकावर ऑगस्टपासून फळतो. म्हणून तो फेब्रुवारीत बिनदिक्कत तळापासून कापायचा.

तो कापताना मला तुमच्या मळ्यातला खोडवा आठवतो. ऊसतोड झाली की आप्पा बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे, जरा उंच राहिला तरी गड्याला परत बोलवायचे. वरचे डोळे फुटले की कोंब लेचापेचा, खालून फुटला की जोमदार, असं सांगायचे. आपण बांधावर बसून ऊस सोलत ऐकायचो. इथे मार्चअखेर मातीतून लालसर फुटवे वर येतात, तेव्हा मला तोच बांध दिसतो.

पाण्याचं मात्र इथे फार जपावं लागतं. मुळं उथळ, कुंडी पटकन सुकते. उन्हाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी. त्यात इथलं नळाचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. रास्पबेरीला किंचित आम्लधर्मी माती लागते आणि अशा पाण्याने मातीची आम्लता कमी होत जाते. मागच्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मग पन्हाळीखाली पिंप ठेवलं आणि पावसाचं पाणी घालू लागले. नवी पानं हिरवी आली. फुलं दिसली की पंधरवड्यातून एकदा टोमॅटोचं पोटॅशवालं खत घालते. काळे ब्लॅकबर्ड टपलेलेच असतात, म्हणून वर जाळी.

आणि तोडणं! पिकलेलं फळ नुसतं बोटांत धरलं की हातात येतं. पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ, टोपीसारखं. ओढावं लागलं तर ते अजून कच्चं. उन्हात धरून बघितलं की प्रत्येक मण्याला एकेक बारीक केस दिसतो. धुतलं की लगदा, दोन दिवस ठेवलं की बुरशी. म्हणून मी जाळीत हात घालून तिथेच खाते. आज सकाळी बावीस निघाली.

तुझ्या गच्चीवर लावायचं मनात आणू नकोस गं. ग्लेन अँपलसारख्या वाणांना हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते, ती कराडात कुठली? महाबळेश्वरला रास्पबेरी होते. सहलीत आपण दोघींत मिळून एक पुडा घेतला होता, आठवतं? तू आंबट सगळी मला दिलीस.

फेब्रुवारीत ऑटम ब्लिस छाटेन, तेव्हा तुमच्याकडेही तोड चालू असेल. रविवारी व्हिडिओ कॉल लावते. आप्पांना चष्मा घालून जवळ बसव. छाट जमिनीलगत बसली का, ते त्यांनीच बघून सांगायचं.

तुझी,
माया