काका, तुम्ही "थांब" म्हणालात म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि नाव विचारायचंही राहून गेलं. कॅम्पिंगच्या मैदानात आमच्या निळ्या व्हॅनशेजारी दोन रात्री तुमची गाडी उभी होती. मी नवी लिथियम बॅटरी खोक्यातून काढून ठेवली होती, जुनी उतरवायला पाना हातात घेतला होता. तुम्ही खुर्चीतूनच म्हणालात, "थांब गं जरा. आधी मला सांग, इंजिनकडून येणारी वायर कुठं लागलीये?" त्या एका "थांब"साठी हे सगळं लिहायचं आहे.

आमची अडचण तुम्हाला आठवत असेल. आई बरोबर होती आणि तिचं इन्सुलिन व्हॅनच्या छोट्या फ्रिजमध्ये. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत राहायला हवी. फ्रिज मात्र पहाटे तीनच्या सुमारास बंद पडायचा. मी रात्री दोनदा-तीनदा उठून टॉर्च मारून पाहायचे. दोनच वर्षांपूर्वी घेतलेली 100 अँपिअर-अवरची (एक अँपिअर करंट शंभर तास पुरेल एवढी) एजीएम, म्हणजे लेड-अ‍ॅसिड प्रकारचीच, बॅटरी खराब निघाली, असं मी धरून चालले होते. लिथियम आणली की प्रश्न मिटला, अशी माझी समजूत.

तुम्ही व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन आलात आणि बॅटरीला हात लावण्याआधी फ्रिजजवळ गेलात. फ्रिज चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 12.3 व्होल्ट दिसले. त्याच वेळी फ्रिजच्या सॉकेटवर 11.5. तुम्ही आकडा मला वाचायला लावलात, मग म्हणालात, "हे मधले 0.8 व्होल्ट गेले कुठं?" सॉकेट उघडून वायर दाखवलीत: 1.5 स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन बारा मीटर. तेवढ्या बारीक वायरमधून पाच अँपिअर जाताना पाऊण व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, उरलेला सॉकेटच्या सैल पट्टीत. बॅटरीत जीव असतानाही फ्रिजला ती उतरल्यासारखी वाटायची आणि तो स्वतःला बंद करून घ्यायचा. मी कितीही महाग बॅटरी आणली असती तरी ती वायर तशीच राहिली असती. दुसऱ्या दिवशी आपण 6 स्क्वेअर एमएमची वायर ओढली. आता तिथं 0.2 व्होल्टसुद्धा पडत नाहीत.

मग तुम्ही वही मागितलीत. फ्रिज दिवसाला साधारण 40 अँपिअर-अवर. पंखा रात्रभर, दोन अँपिअरनं आठ तास, म्हणजे 16. दिवे, फोन, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून आणखी 17-18. बेरीज पंचाहत्तरच्या आसपास गेली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर रोज निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे माझ्या शंभरातले हाताशी पन्नास. मी रोज पंचाहत्तर काढत होते आणि पूर्ण भरतही नव्हते, कारण शेवटचा वीस टक्के भाग भरायला लेड-अ‍ॅसिड कित्येक तास घेते आणि आमचा प्रवास तासा-दोन तासांचा. अर्धवट भरलेल्या लेडच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. म्हणजे बॅटरी खराब निघाली नव्हती, मीच तिला दोन वर्षांत संपवली होती. तुम्ही हे मला टोचून सांगितलं नाहीत. फक्त बेरजेखाली दोन रेघा ओढल्यात.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही म्हणालात, "रोज रात्री विजेच्या खांबाला जोडून राहणार असशील तर लिथियमची काही गरज नाही, लेड घे आणि सुखी राहा." नवी बॅटरी खोक्याबाहेर पडलेली असताना हे सांगणारा माणूस विरळा. आमचं राहणं तसं नव्हतं, म्हणून लिथियमचं ठरलं. तिच्या शंभरातले ऐंशी-नव्वद निःशंक वापरता येतात. जुनी 29 किलोची धूड दोघींनी मिळून उतरवली होती. नवी 12 किलोची, मी एका हातानं उचलली.

आता त्या इंजिनाकडच्या वायरीबद्दल. आमच्या व्हॅनमध्ये जुना रिले, म्हणजे आपोआप लागणारा स्विच, होता. इंजिन सुरू झालं की तो इंजिनाची बॅटरी आणि आतली बॅटरी थेट जोडून टाकायचा. लेडला ते चालतं, कारण ती भरत आली की स्वतःच करंट कमी घेऊ लागते. लिथियम मात्र जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असेल, तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राचा, पंखाही मंद फिरतो, थंडावा कमी आणि ओढ पूर्ण. "तासाभरात हात लावू शकणार नाहीस इतका तापेल," तुम्ही म्हणालात, "आणि मग रस्त्यात तू, आई आणि बंद पडलेली गाडी." मी ती बॅटरी त्या संध्याकाळी तशीच जोडली असती, तर दुसऱ्या दिवशी घाटात आम्ही नेमक्या हेच करत असतो, कारण चढ चढून वर उभं राहून इंजिन चालू ठेवायची मला सवय होती.

तुम्ही अल्टरनेटरवरची पट्टी वाचायला लावलीत: 120 अँपिअर. त्यावरून 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर ठरला, दोन बॅटऱ्यांच्या मधे बसून ठरावीकच करंट पुढे सोडणारा. तो काढून घेईल ते तीसच, आणि इंजिन बंद असताना काहीच नाही, कारण त्याची बारीक वायर इग्निशनला, म्हणजे गाडीच्या चावीच्या स्विचला, जोडली. दोन तास गाडी चालवली की साठ अँपिअर-अवर आत येतात. मी इतकी वर्षं "चार्ज होतंय" या शब्दांवर समाधानी होते. किती होतंय, हे कधी विचारलंच नव्हतं.

बसवतानाचे तुमचे हात मला अजून दिसतात. पान्याच्या दांड्यावर तुम्ही आधी इन्सुलेशन टेप गुंडाळलीत, फक्त तोंड उघडं ठेवलंत. बोटातली अंगठी काढून खिशात. निगेटिव्ह आधी सोडायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची, कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हच असतो. पॉझिटिव्ह सोडताना पाना पत्र्याला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असताना तिथंच ठिणगी. एरवी हसतखेळत बोलणारे तुम्ही त्या दहा मिनिटांत एक शब्दही बोलला नाहीत.

फ्यूजवरून मात्र बराच वेळ बोललात. माझ्याकडच्या साध्या फ्यूजवर तुम्ही फुली मारलीत. फ्यूज किती अँपिअरला उडतो एवढंच मी पाहत होते. उडताना तो केवढा करंट तोडू शकतो हेही पाहायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. लिथियमच्या टोकांवर शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर धावतात. साधा फ्यूज उडाला तरी आत ठिणगीचा पूल तसाच राहू शकतो. म्हणून एवढा मोठा करंट तोडू शकणारा क्लास टी प्रकारचा फ्यूज, आणि तोही पॉझिटिव्ह टर्मिनलला लागूनच. वायरच्या टोकाला दाबून (क्रिंप करून) बसवलेली प्रत्येक लग, म्हणजे धातूची कडी, ओढून पाहायला लावलीत. एक माझ्या हातात निघून आली. ती रस्त्यात निघाली नाही याबद्दलही आभार.

आईला आगीची भीती वाटत होती. फोनच्या बॅटऱ्या पेटल्याचं तिनं ऐकलेलं. तुम्ही तिच्याशेजारी बसून सांगितलंत की लिथियम बॅटरी म्हणजे एकच एक वस्तू नाही. व्हॅनमध्ये घालतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात ऑक्सिजन फॉस्फेटनं घट्ट धरून ठेवलेला असतो, म्हणून तापली तरी कोबाल्टवाल्या प्रकारांसारखी सहज भडकत नाही. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि नंजुंदस्वामी यांनी या पदार्थावर काम केलं, त्यांचा शोधनिबंध 1997 चा, आणि गुडइनफना 2019 मध्ये लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. आईला रसायनशास्त्र किती समजलं कोण जाणे, पण 97 ऐकून ती खूश झाली. भीती गेली म्हणून बेफिकीर व्हायचं नाही, हेही तुम्ही लगेच जोडलंत: बॅटरी पट्ट्यानं आवळलेली हवी, तिच्यावर सामान नको.

आता वर्षभराचा अहवाल, तुम्ही मागितला होता तसा.

व्होल्टेजकडे पाहून अंदाज बांधायची माझी सवय सुटायला महिना लागला. ही बॅटरी 80 टक्के असो की 40, मीटर 13 च्या आसपासच रेंगाळतो. तुम्ही बसवलेला शंट आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो, त्याच्यावरच विश्वास ठेवते. मधे एकदा त्याचा हिशोब चुकायला लागला. शोधलं तर इन्व्हर्टरची निगेटिव्ह मी शंटच्या पलीकडे न लावता थेट टर्मिनलवर लावली होती, म्हणजे तो खर्च मोजलाच जात नव्हता. बदलली आणि जमाखर्च जुळला.

सोलर पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या कंट्रोलरवर तुमचे आकडे तसेच आहेत: 14.2 व्होल्टला भरायचं, इक्वलायझेशन (लेडला अधूनमधून देतात तो जास्त व्होल्टेजचा चार्ज) बंद.

थंडीत उंचावर गेलो होतो. सकाळी लख्ख ऊन, पॅनेलवर कोवळे किरण, आणि चार्जिंग शून्य. क्षणभर पोटात गोळा आला. मग तुमचं वाक्य आठवलं: शून्य अंशाखाली ही वीज देईल, पण घेणार नाही, आणि घ्यायला लावायचीही नाही, कारण आत लिथियमचा धातू प्लेटवर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट, आपलं काम करत होता. तुम्ही हट्टानं बॅटरी गाडीखाली न लावता आत, बाकाखाली ठेवायला लावली होतीत. हीटर लावला, दुपारपर्यंत बॅटरी सहा-सात अंशांवर आली आणि करंट सुरू झाला.

पावसाळ्यात व्हॅन दोन महिने उभी होती. लेडला पूर्ण भरून ठेवतात, हिला साधारण निम्मी ठेवायची, हेही पाळलं. मेन स्विच बंद केला होता. परत आले तेव्हा जवळजवळ तेवढीच होती.

लगांचे नट मी दर महिन्याला तपासते. पाना तोच, टेपवाला. तुम्ही निघालात तेव्हा तो आमच्या खोक्यात राहिला होता, माझ्या लक्षात आलं तोवर तुमची गाडी वळणाआड गेली होती. भेटाल तिथं परत करीन.

आईनं एक निरोप सांगितलाय. फ्रिज आता रात्रभर बारीक गुरगुरत असतो. आधी तो थांबला की मला जाग यायची. आईला म्हणे त्या आवाजानं छान झोप लागते.

तुमची,
निळ्या व्हॅनमधली शेजारीण