रक्त मोजतात का, तेवढं विचारून ये आई

आई, आण्णा,

बाळंतपणात किती रक्त जातं ते मोजणारा दवाखाना बघू, डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केलेत, असं काल फोनवर मी म्हणाले, तर आण्णा म्हणाले, "बायकांवर प्रयोग करतात ते, तू त्यांचं काय ऐकतेस," आणि मी चिडून फोन ठेवला, चुकलंच माझं. म्हणून आता सांगलीत रात्रीचं निवांत बसून लिहितेय, आण्णा चष्मा लावून सगळं वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं हे मला मान्य आहे, सातव्यात येतेच. पण मला बारक्याच्या वेळचं आठवतंय. मी पाच वर्षांची होते, आजी मागच्या दारात बादलीत लुगड्याचे धडपे पिळत होती आणि पाणी बदललं तरी परत लालच होत होतं. बाळंतपण करणारी बाई म्हणत होती "एवढं जातंच गं", आणि मग संध्याकाळी तुझे ओठ पांढरे पडल्यावर आण्णांनी जीप बघितली. सकाळपासून किती रक्त गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी मोजलंच नव्हतं. आई तू वाचलीस म्हणून मी हे लिहू शकतेय.

तर ज्याला आण्णा प्रयोग म्हणतात त्यातला एक आपल्या शेजारीच झालाय, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, 2002 ते 2005. घरी नाहीतर उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायका त्यात होत्या, अर्ध्यांना बाळ झाल्याझाल्या गर्भाशय आवळून रक्त कमी करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या त्या बायकांचा विचार मनात आला की मलाही टोचतं आण्णा, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यामुळेच तर कळलं की गोळीनं खरंच फरक पडतो, नाहीतर नुसता अंदाज राहिला असता.

आणि त्याच अभ्यासासाठी रक्त मोजायचा एक कागद तयार केला होता. प्लास्टिकचा असतो, बाईच्या कमरेखाली घालायचा, पुढं नरसाळ्यासारखी पिशवी लोंबते आणि तिच्यावर रेघा असतात. त्यात रक्त जमतं आणि सिस्टरला नुसतं बघून कळतं, अर्धा लिटर झालं म्हणजे वाट बघत थांबायचं नाही, लगेच उपचार सुरू करायचे. अर्धा लिटर म्हणजे आपली दुधाची छोटी पिशवी, आई. कपड्यात, चादरीत मुरलं की डोळ्यांना तेवढं दिसत नाही.

पुढं आफ्रिकेतल्या चार देशांत 80 दवाखान्यांत अशाच कागदावर मोठा अभ्यास झाला, 2 लाखांवर बायका, 2023 ला निकाल आला. जिथं नेहमीसारखं चालू होतं तिथं जास्त रक्त जाणाऱ्या बायकांपैकी निम्म्याच बायका लक्षात आल्या, आणि जिथं मोजलं तिथं 100 तल्या 93. मोजून लगेच गर्भाशयाला मसाज, इंजेक्शन, सलाइन, सगळं एकदमच सुरू करायचं, एक झालं की मग दुसरं असं नाही. त्यानं फार गंभीर होण्याचं प्रमाण 60 टक्क्यांनी कमी झालं. ट्रानेक्झामिक ॲसिड पण त्यातच असतं, आई तुला पाळीत जास्त जायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ज्या गोळ्या दिलेल्या तेच, इथं शिरेतून देतात. 21 देशांतल्या 20 हजार बायकांवर ते बघितलंय, 2017 ला आलं, आणि बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच खरा उपयोग. तुझ्या वेळी सकाळची संध्याकाळ झाली होती गं.

तर कोरेगावच्या त्या दवाखान्यात नाव घालायच्या आधी आई तू जाऊन ये, आण्णांना बाहेर बसव आणि आतल्या सिस्टरला विचार, बाळ झाल्यावर रक्त मोजता का, कशानं मोजता, ट्रानेक्झामिकचं इंजेक्शन इथं ठेवलेलं असतं का, रक्त लागलं तर कुठनं आणता. लाजू नकोस, तू जे भोगलंस तेच सांग त्यांना. हो म्हणाले तर मी तिथंच येते, नाही म्हणाले तर इथं सांगलीतच नाव घालू आणि तू महिनाभर माझ्याकडं येऊन राहा, आण्णांच्या डब्याचं काकू बघतील असं मी तिच्याशी बोललेय.

माझं हिमोग्लोबिन 9.8 आलंय, गोळ्या चालू आहेत. मेथीचे लाडू पाठवू नका आत्ता, खाल्ले की मळमळतं. रविवारी सकाळच्या एसटीनं येतेय, फाइल घेऊन.

तुमची,
ताई