टिशूची रोपे 'शंभर टक्के हुबेहूब' नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर नुकताच केळीच्या टिशू कल्चर (प्रयोगशाळेत कोंबापासून वाढवलेल्या) रोपांवर लेख आला. लागवडीची माहिती उपयोगी होती. पण टिशूचे प्रत्येक रोप मूळ झाडाशी शंभर टक्के हुबेहूब असते आणि बागेत वेगळी झाडे दिसली तर दोष मशागतीचा, असे त्यात ठामपणे म्हटले होते. हे पटले नाही. मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले, आता रावेर तालुक्यात घरची केळी बघतो. म्हणून दोन्ही अंगांनी लिहितो.

आमच्या शेजारच्या बागेत यंदा जी-नाईन या केळीच्या वाणाच्या सरळ ओळींमध्ये मधूनच बुटकी झाडे निघाली. पानांचे देठ आखूड, पाने एकावर एक दाटलेली, खोड शेजारच्या झाडाच्या निम्म्यावर. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, तेव्हा काहींचा घड खोडाच्या तोंडाशीच अडकला. ठिबक तेच, खत तेच, रोपे एकाच गाडीतून उतरलेली. रोपवाटिकेकडे तक्रार केली तर "पाणी कमी पडलं असेल, भाऊ" एवढेच उत्तर मिळाले. पाणी कमी पडले असते तर सगळी ओळ बसली असती. दोन धिप्पाड झाडांच्या मध्ये एकच बुटके कसे उभे राहील?

याचे उत्तर पेशीत शोधावे लागते. पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातल्या सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्याचे दोन धागे सुटतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा बांधला जातो. धागा चार रासायनिक अक्षरांचा असतो, त्यांत 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी' बसते. बांधणी करणारे एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. ते जिवाणूत शोधणाऱ्या आर्थर कोर्नबर्ग यांना १९५९ साली नोबेल मिळाले. चुकीचे अक्षर जागेवर नीट बसतच नाही, म्हणून पहिल्या झटक्यातही साधारण लाखात एखादीच चूक होते. ती झाली तर पॉलिमरेज तिथेच थबकते, चुकलेले अक्षर कापून टाकते आणि बरोबर अक्षर लावून पुढे जाते. एवढ्याने प्रमाण कोटीत एकापर्यंत खाली येते.

यातूनही निसटलेल्या चुकांसाठी मागून प्रथिनांची दुसरी टोळी येते आणि जोडी न जुळलेली अक्षरे हुडकते. पण इथे एक पेच आहे. समोरासमोरची दोन अक्षरे जुळत नाहीत हे कळले, तरी त्यातले खरे कोणते? हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याच्या दोन प्रतींत गट नंबर वेगळा निघाला, तर मूळ प्रत कोणती हे आधी ठरवावे लागते, नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली मूळ प्रतच बिघडायची. जिवाणूंमध्ये जुन्या धाग्यावर मिथाइलच्या, म्हणजे छोट्या रासायनिक, खुणा असतात, ताज्या धाग्यावर त्या अजून उमटलेल्या नसतात. त्यामुळे कोणता धागा दुरुस्त करायचा हे कळते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. वनस्पतींत खूण ओळखायची रीत वेगळी आहे, काम तेच. सगळ्या चाळण्या पार केल्यावर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांत एखादी चूक उरते.

आता केळीकडे येऊ. केळीचा जनुकसंच २०१२ मध्ये वाचला गेला. तो सुमारे ५२ कोटी अक्षरांचा आहे आणि आपल्या केळीच्या पेशीत असे तीन संच असतात. म्हणजे दर विभाजनाला फार तर एखाद-दोन चुका, त्याही बहुतेक निरुपद्रवी जागी. एवढ्या कामात इतकी कमी चूक म्हणजे कौतुकच आहे, पण ती शून्य नाही. शिवाय नक्कल झालेली पेशी पुन्हा विभागली की चुकलेल्या अक्षरासमोर त्याला जुळणारे अक्षर बसते. मग विसंगती उरतच नाही आणि तपासणारी टोळी तिथून निमूट पुढे जाते. तिथून पुढे चूकही इमानदारीने उतरवली जाते.

प्रयोगशाळेत संप्रेरकांच्या जोरावर एका कोंबाचे अनेक, त्यांचे आणखी अनेक असे फेऱ्यांमागून फेऱ्या गुणन चालते. तिथे होणारे बदल अक्षरापुरते नसतात. गुणसूत्रांचे तुकडे इकडेतिकडे होतात, जनुके चालू-बंद करणाऱ्या खुणा बिघडतात. बुटकेपणा नेमका कशाने आला हे झाड बघून सांगता येत नाही. पण फेऱ्या वाढल्या की वेगळी झाडे वाढतात हे केळीत वारंवार दिसले आहे आणि जी-नाईनमध्ये बुटके झाड हाच त्यातला नेहमीचा प्रकार. बदल सुरुवातीच्या फेरीत झाला, तर त्या कोंबापासूनची सगळी रोपे तशीच निघणार.

असा प्रत्येक बदल वाईटच असतो असे नाही. आपली जुनी ठेंगणी बसराई आणि आजची तिच्याहून उंच जी-नाईन एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या. बियांशिवाय, केवळ पिलांवर वाढलेल्या या कुळात उंचीचे हे फरक अशाच बदलांतून आले आणि शेतकऱ्यांनी जपले. फक्त तिथे निवड शेतकऱ्याची होती. इथे त्याने पैसे मोजलेत जी-नाईनचे.

बुटके झाड आणि हरण्या रोग यांत मात्र गल्लत नको. हरण्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूमुळे होतो, त्याचा प्रसार मावा करतो आणि मूळ झाड बाधित असेल तर तो रोपातूनही येतो. त्याचा जनुकसंच आरएनएचा, आणि त्याची नक्कल करणाऱ्या एन्झाइमला मागे वळून चूक कापायची सोयच नाही. म्हणून तो भराभर बदलतो. हरण्याची झाडे उपटून नष्टच करावी लागतात. बुटक्यांपासून शेजारच्या झाडाला धोका नाही. फक्त त्यांची पिले पिलबागेसाठी (पुढच्या पिकासाठी) ठेवू नयेत, तीही बुटकीच निघण्याची शक्यता मोठी.

बीज कायद्याखाली २००६ पासून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे टिशू रोपांच्या प्रमाणनाचे काम आहे. त्यात विषाणू आणि आनुवंशिक एकसारखेपणा, दोन्हींची तपासणी अपेक्षित आहे. पण आमच्या हातात पडणाऱ्या बिलावर वाणाचे नाव, नग आणि रक्कम यापलीकडे काही नसते. रोप कितव्या फेरीचे, मूळ कंद कुठला, विषाणू चाचणी कधीची, हे बॅच नंबरासह छापायला रोपवाटिकेला काय अडचण आहे? आणि बुटकी झाडे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त निघाली तर रोपे बदलून द्यायची अट बिलावरच का नसावी? कृषी विभागाने जूनच्या लागवडीआधी हे सक्तीचे करावे.

तोवर आपल्या वार्ताहरांनी सावदा, फैजपूर, रावेर भागातल्या रोपवाटिकांत जाऊन "तुमचे रोप कितव्या फेरीचे?" एवढे विचारावे आणि मिळेल ते उत्तर याच पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक केळी उत्पादक व निवृत्त शिक्षक
ता. रावेर, जि. जळगाव