किल्लारीच्या पहाटे मी घरी नव्हतो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी वाचकांच्या पत्रव्यवहारात माझं एक पत्र आपण छापलं होतं. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे मी कुठे होतो, असा त्याचा विषय. त्यात मी लिहिलं होतं, की 30 सप्टेंबर 1993 ला विसर्जन उरकून मी घरी येऊन नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात मांडणीवरची पितळी भांडी खणखणली, आढ्याला टांगलेला कंदील हेलकावे खाऊ लागला आणि आईनं आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटी असंही लिहिलं होतं, की आमच्या मंडळानं वर्गणीतली सगळी शिल्लक किल्लारीला पाठवली.

दोन्ही खोटं आहे. मुद्दाम रचलेलं नव्हे, पण खोटंच. तेवढी दुरुस्ती छापावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

ध्यानात आलं ते असं. आमच्या मंडळाचे तेव्हाचे सेक्रेटरी तीन वर्षांपूर्वी वारले. यंदा त्यांच्या मुलानं जुनं घर रिकामं करायला काढलं, तेव्हा माळ्यावर मंडळाची जमाखर्चाची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, आत उंदरांनी कुरतडलेली. पोरगा ती घेऊन माझ्याकडे आला. "काका, अक्षर तुमचं हाय की." मी त्या वर्षी खजिनदार होतो. अक्षर माझंच होतं, तेव्हा बरं होतं.

1993 च्या पानांवर वर्गणीदारांची नावं, मंडपाचं भाडं, ढोलताशेवाल्यांची बिदागी, सगळं ओळीनं लिहिलेलं. 29 सप्टेंबरच्या खर्चाखाली एक ओळ आहे: 'पहाटे साडेपाच, तलावाजवळ चहा, 34 कप.' म्हणजे साडेपाचला मी कपिलेश्वर तलावाच्या रांगेत कार्यकर्त्यांचे चहाचे कप मोजत होतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यानं पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. हुतात्मा चौकातून निघालेले गणपती रात्रभर चालतात आणि दुसरा दिवस उजाडून वर आला तरी शेवटच्या मंडळांची रांग तलावाशी पोचलेली नसते. आता उड्डाणपूल झालाय, तेव्हा तिथं रेल्वेचं फाटक होतं. गाडी यायची झाली की फाटक पडायचं आणि गणपती, ढोल, माणसं सगळी अलीकडं तुंबायची. किल्लारीत जमीन हादरली तेव्हा पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं झाली होती. त्या वेळी मी त्या फाटकाच्या अलीकडंच कुठंतरी, डोक्यात गुलाल आणि पायात गोळे घेऊन उभा असणार. किल्लारी तिथून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरवर. आमच्या पायाखालची जमीन संध्याकाळपासून ढोलांनीच थरथरत होती, मला वेगळं काही जाणवलं नाही.

मग ती भांडी कुठली? तो कंदील कुठला? 1993 साली आमच्या घरात ट्यूबलाइट होती, आढ्याला कंदील टांगायचा प्रश्नच नव्हता. एवढं पत्र लिहिताना हे माझ्या ध्यानात येऊ नये, याचं आता हसू येतं.

कंदील 1967 चा आहे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. आई सांगायची, मांडणी हलली, कंदील हलला, आणि तिनं मला दुपट्यासकट उचलून गल्लीत नेलं. लहानपणी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की भांड्यांचा आवाज माझ्या कानात बसून राहिला. पुढे दुसरा भूकंप झाला, तोही पहाटेच, आणि आईचा भूकंप उचलून मी माझ्या पहाटेत बसवला. आईनं गल्लीत नेलेला तो मुलगा मी आहे, एवढंच त्यात खरं.

माझी मुलगी धारवाडला मानसशास्त्र शिकली. तिला हे सांगितलं तर तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही, उलट मलाच तिनं धडा दिला. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटलं. उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्ही कुठे, कुणाकडून ऐकली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न परत विचारले. त्यातल्या चौथाई जणांची एकही गोष्ट आधीच्या लिखाणाशी जुळेना, पण सांगताना मात्र ते अगदी छातीठोक. त्यांचे जुने कागद त्यांच्यापुढे ठेवले, तरी नवी आठवण कुणी सोडायला तयार नव्हतं. हे ऐकून मी वही बंद केली आणि थोड्या वेळानं परत उघडली. मलाही क्षणभर वाटलं होतं, की चहाची ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहिली असेल.

(राजीव गांधी गेले त्या 21 मे 1991 च्या रात्री मी कुठे होतो, हेही मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलोय. आता बंद केलंय.)

इथवरचं चालून गेलं असतं. भूकंप जाणवला म्हणून सांगितल्यानं कुणाचं काही वाकडं झालं नाही. पण वहीचं पुढचं पान आहे.

त्या गुरुवारी सकाळी घरी परतताना पानपट्टीवरच्या रेडिओभोवती माणसं जमलेली दिसली. तिथं सांगली केंद्रही लागायचं आणि धारवाडही. लातूरकडं भूकंप झालाय, एवढंच कळलं. दोन दिवसांत किल्लारी, सास्तूर ही नावं पाठ झाली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली पन्नासच्या वर गावं भुईसपाट झाली आणि माणसं दहा हजारांच्या आसपास गेली. आमच्यासारखीच तीही गणपती पोचवून थकून झोपली होती. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगड मातीत रचलेले, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात असं घर गारेगार राहतं. भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आदल्याच वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारीत धक्के बसले होते. तरी भूकंपाच्या नकाशात तो मुलूख सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता. नकाशा बदलला तो माणसं गेल्यावर. वरून पाऊस सुरू झाला. ढिगारे उपसायचे पावसात आणि प्रेतांना अग्नी द्यायचा तोही पावसातच.

इकडं गल्लीत रिक्षाला भोंगा बांधून मराठीत आणि कन्नडमध्ये आवाहन चाललं होतं. किल्लारी महाराष्ट्रातली, आम्ही कर्नाटकातले, पण बोलताना सगळे 'आपल्याकडं भूकंप झालाय' असंच म्हणत होते. सीमाभागात हा 'आपल्याकडं' कुठून कुठवर धरायचा, हे आम्हाला कोर्टानं अजून सांगितलेलं नाही. गल्लीतल्या एका कन्नड आज्जीनं नवी कोरी चादर आणून दिली. बाकी जुन्या कपड्यांचे ढीग पडले. भूकंपात सापडलेल्या बाईला आपली विटकी नायलॉनची साडी का पाठवावी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि मग मंडळाची हिशेबाची बैठक. शिल्लक 2,340 रुपये. सेक्रेटरी म्हणाले, सगळी पाठवूया. मंडपवाल्याचे 1,900 द्यायचे राहिले होते.

मी म्हणालो, "पाठवूया खरं, मंडपवाल्याला दसऱ्याच्या आत देतो म्हणून शब्द दिलाय."

"मंडपवाला थांबंल की. ती माणसं थांबतील काय?"

हे संभाषण वहीत नाही. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. पान बघितल्यावर आपोआप वर आलं, आणि वर सांगितलेलं सगळं बघता त्यातलाही शब्द न् शब्द खरा धरू नये. आकडे मात्र माझ्या अक्षरात आहेत: मंडप बाकी 1,900. किल्लारी निधी 251. हिशेब बैठक, भजी व चहा, 189. बेरीज 2,340, बरोब्बर. बेरजेखाली मी दोन रेघा मारल्यात, पट्टीनं.

251 आणि 189. मी हे दोन आकडे बराच वेळ बघत बसलो. ज्या माणसानं सगळी शिल्लक पाठवूया म्हटलं, त्याचं वाक्य मी माझ्या नावावर करून टाकलं होतं, वर ते आपल्या दैनिकात छापूनही आणलं. त्या पत्राचं कात्रण सेक्रेटरींनी वाचलं असणार, कारण ते आपला अंक पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायचे. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतर दोन गणपती आम्ही एकत्र केले. आरतीला ते नेहमीसारखे माझ्या शेजारी उभे असायचे.

त्याच पानाच्या कडेला, समासात, सेक्रेटरींच्या बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'मंडपवाले, ताडपत्र्या 6, किल्लारीच्या ट्रकमध्ये दिल्या. परत नको म्हणाले.' म्हणजे ज्याच्या पैशांसाठी मी अडून बसलो होतो, त्यानं तिकडं पाऊस लागलाय म्हणून आपला धंद्याचा माल ट्रकात टाकला होता. हे मला त्या वेळी माहीत होतं की नाही, वहीवरून कळत नाही. हिशेबाच्या रकान्यात ती ओळ नाही, कारण पैसे दिले-घेतले नव्हते. खजिनदारानं ती लिहायचं कारण नव्हतं.

तेव्हा कृपया नोंद घ्यावी, की त्या पहाटे मी घरी नव्हतो, मला धक्का जाणवला नाही, आमच्या मंडळानं 251 रुपये पाठवले, आणि सगळी शिल्लक पाठवावी असं म्हणणारा मी नव्हतो.

वही मंडळाला परत केली. आताचा खजिनदार कॉलेजातला पोरगा आहे. त्याचा सगळा हिशेब मोबाइलवर. "काका, इतकी जुनी वही कुठं ठेवायची? फोटो काढून ठेवतो," म्हणाला. ठेव म्हटलं, 1993 चं पान आधी काढ, आणि समास कापू नकोस.

आपला,
एक जुना वाचक, माजी खजिनदार
वडगाव, बेळगाव