कोशर म्हणजे आशीर्वाद नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ज्यू लोकांचं कोशर म्हणजे रब्बीने, त्यांच्या धर्मगुरूने, आशीर्वाद दिलेलं जेवण असं छापलंय, ते काही बरोबर नाही. हिब्रूत कशेर म्हणजे योग्य, नियमात बसणारं, म्हणून तर तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळीसुद्धा कोशर असते किंवा नसते, एक अक्षर मोडलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती चालत नाही. गंमत म्हणजे तोरातल्याच लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात कुठले प्राणी खायचे याची अख्खी यादी आहे पण तिथे हा शब्दच नाही, तिथे ताहोर आणि तामे, म्हणजे शुद्ध-अशुद्ध. आणि त्रेफा हा मूळचा जंगली जनावराने फाडलेल्या मांसाचा शब्द, तोरातल्याच निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला, आता कुठलंही न चालणारं खाणं त्रेफ!

मटणात दूध-दही नको हेही तसंच, ‘करडू आईच्या दुधात शिजवू नको’ एवढंच वाक्य तोरात तीनदा येतं आणि पुढे रब्बींनी त्यावरून भांडीसुद्धा वेगळी केली. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू मटणाला नारळाचं दूध घालतात ते काय उगीच? त्यांच्यातल्याच कुणाकडून तरी लेख लिहून घ्या ना.

– एक वाचक, अलिबाग