‘आमच्याकडे होत नाही’च्या पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपाताच्या कायद्यावर आपल्याकडे येणारी वाचकांची पत्रे वाचते आहे. ‘मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सला स्वतःचं मत नसतं, पोप सांगतील ते तिचं मत’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. मी कॅथलिक आहे, वैजापूर तालुक्यातली आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षं मिशनच्याच दवाखान्यात, लेबर रूममध्ये काढली. म्हणून चार गोष्टी लिहिते.

आधी माझं मत. गर्भपात चूक आहे असं मी मानते आणि तो करायला माझा हात लागणार नाही. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, जो दस्तऐवज काढला, त्यात सद्सद्विवेकबुद्धीला माणसाच्या आतलं देवघर म्हटलं आहे. तिथे माणूस आणि देव, तिसरा कोणी नाही. इंग्लंडचे कार्डिनल न्यूमन यांनी तर 1875 मध्ये लिहून ठेवलं की जेवणानंतर पेला उंचावायचाच असेल तर पोपसाठी उंचावीन, पण आधी सद्सद्विवेकबुद्धीसाठी. आता गंमत अशी की 1965 च्या त्याच दस्तऐवजात गर्भपाताला घोर अपराधही म्हटलं आहे. आमचे काही फादर दुसरं वाक्य सांगतात आणि पहिलं गाळतात. आपले पत्रलेखक दोन्ही न वाचताच लिहितात.

चर्च गर्भपात केलेल्या बाईला वाळीत टाकतं, हेही अर्धवट आहे. धर्मनियमांत बहिष्काराची शिक्षा आहे, खरं आहे. पण अठरा वर्षांखालच्या मुलीला ती आपोआप लागत नाही. मोठ्या भीतीपोटी, दडपणाखाली ज्या बाईने हे केलं तिलाही नाही. शिवाय नोव्हेंबर 2016 पासून पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा द्यायचा अधिकार सरसकट सगळ्या धर्मगुरूंना दिला. त्याआधी बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बिशपांची परवानगी लागायची. गावातली बाई काय, बिशपांच्या बंगल्यापर्यंत जाणार होती थोडीच!

नळीत गर्भ राहिला आणि नळी फुटायच्या बेताला आली, तर ती काढायला कॅथलिक नीतिशास्त्र आडवं येत नाही. गर्भारपणात पिशवीचा कॅन्सर निघाला तर पिशवी काढायलाही नाही, मग त्यात गर्भ गेला तरी. हेतू आईला वाचवण्याचा हवा. तरीही 2012 मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरात सविता हलप्पनवार गेली. आपल्या शेजारच्या बेळगावची, पेशाने दंतवैद्य. सतराव्या आठवड्यात गर्भ पडणार हे डॉक्टरांना दिसत होतं, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून तिची गर्भपाताची मागणी नाकारली, आणि सेप्सिसने, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग पसरून, ती गेली. नंतर तिथल्या बिशपांनी सांगितलं की आईवर उपचार करायला चर्चची कधीच मनाई नव्हती. नंतर सांगून काय उपयोग? कायदा आणि धर्म दोन्हींच्या धाकाने डॉक्टरचा हात आखडला की तत्त्व कितीही बारीक विणलेलं असलं तरी बाईच्या कामाचं राहत नाही. 2018 मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून घटनेतलं गर्भपातबंदीचं कलमच काढून टाकलं.

आता आपला कायदा. 1971 चा गर्भपात कायदा 2021 मध्ये सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हे लागू असल्याचं सांगितलं. मात्र ज्याला हे काम करायचं नाही त्या डॉक्टरचं किंवा नर्सचं काय, याबद्दल या कायद्यात एक ओळ नाही. उलट डॉक्टरांसाठीची 2002 ची आचारनियमावली म्हणते की वैद्यकीय गरज असताना निव्वळ धार्मिक कारणावरून गर्भपाताला नकार देऊ नये. 2023 मध्ये नवी नियमावली आली आणि थोड्याच दिवसांत स्थगित झाली, त्यामुळे 2002 चीच चालू आहे. व्यवहारात मिशनच्या दवाखान्यात हे काम होतच नाही आणि कोणी विचारतही नाही. सगळा कारभार झाकली मूठ.

ही मूठ उघडली पाहिजे. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात असा नकार देण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण आईच्या जिवावर बेतलं तर तो चालत नाही हेही लिहिलं आहे. तिथे ग्लासगोच्या दोन कॅथलिक सुईणी कोर्टात गेल्या होत्या. आम्ही वॉर्डावर देखरेखही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. 2014 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रत्यक्ष कामाला हात लावायला नाही म्हणू शकता, इतरांच्या ड्यूट्या लावायला आणि देखरेखीला नाही. मला त्या सुईणींचं दुःख कळतं, पण निकाल पटतो.

आमच्या दवाखान्यात एकदा कन्नड तालुक्याकडच्या तांड्यावरची एक बाई सासूबरोबर आली. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. ऊसतोडीची टोळी निघायला थोडे दिवस राहिलेले आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन खर्चही झालेली. केसपेपरच्या खिडकीतून ‘आमच्याकडे होत नाही’ एवढंच ऐकून दोघी निघाल्या. मी गेटपर्यंत मागे गेले. तिला विचारलं, बाई, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, ‘मनात धरून काय करू ताई, पोटुशी बाई मोळी उचलंना म्हणून मुकादम आमचा अर्धाच कोयता धरतो.’ (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.) मूल ठेवायचं असेल तर बाळंतपण आमच्याकडे कर, पैशाचं बघू, असं मी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की दुसरं काही ठरवलंस तर घाटीत, संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, जा, तिथे पैसे पडत नाहीत, सही तुझी एकटीची लागते, सासूची नाही, नवऱ्याचीही नाही. मेडिकलवरून गोळ्या आणून घरी खाऊ नकोस, रक्त थांबत नाही मग. ती पुढे कुठे गेली मला माहीत नाही.

यावर आमच्यातलेच काही म्हणाले, पत्ता सांगितलास म्हणजे पापाला हात लावलास. मला तसं वाटत नाही. घाटी कुठे आहे हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. तिचा कायदेशीर हक्क तिच्यापासून लपवून ठेवणं मात्र सरळ खोटेपणात मोडलं असतं.

आणि ‘बाईची निवड’ म्हणणाऱ्यांनाही एक विचारते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या. ती कुणाची निवड होती? त्याच जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्यात ऊसतोडीच्या बायका किती तरी. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, त्यापेक्षा पिशवीच नको! उचल अंगावर असलेल्या बाईची सही कागदावर असते, मन त्यात कितपत असतं हे तिलाच विचारावं. पण आमच्या मिस्सेतही, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, गर्भाबद्दल जितकं ऐकलं, त्याच्या चौथाईनेही या पिशव्यांबद्दल ऐकलं नाही. जीव जपायचा तर फडावरच्या पोटुशीला बसून खाण्यापुरते चार महिन्यांचे पैसे कुठून येतील हाही धर्माचाच प्रश्न आहे. (संततिनियमनाबद्दल न बोललेलंच बरं. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी त्याला नाही म्हटलं. आमच्या धर्मग्रामातल्या बायका दोन-तीन मुलांवर ऑपरेशन करून घेतात आणि रविवारी मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभ्या राहतात. फादरनाही माहीत असतं.)

माझी मागणी छोटी आहे. डॉक्टर आणि नर्सला प्रत्यक्ष गर्भपाताला नकार देण्याचा हक्क नियमावलीत स्पष्ट लिहा. बाईच्या जिवाला धोका असेल तिथे तो चालणार नाही, हेही लिहा. आणि जिथे ही सेवा मिळत नाही त्या प्रत्येक दवाखान्याला, मग तो मिशनचा असो, ट्रस्टचा असो की एकट्या डॉक्टरचा, केसपेपरच्या खिडकीशी मराठीत पाटी लावायची सक्ती करा: ही सेवा येथे नाही, सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय अमुक, संमती फक्त सज्ञान स्त्रीची लागते. त्याखाली दवाखान्याला स्वतःची ओळ लिहू द्या, की मूल ठेवायचं असेल तर आम्ही काय मदत करू शकतो. आमच्या दवाखान्यांनी तर ती ओळ लिहायला सरकारी आदेशाची वाट बघू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर
(नाव छापू नये ही विनंती.)