बाबांचा कमोडोर पुन्हा लाईनवर आला, काका, थँक्यू!

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "जेवलात का" विचारून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतेय, सगळ्यांसमोर.

न्यू जर्सीच्या घरी बेसमेंटमध्ये बाबांचा कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, तीसेक वर्षं खोक्यात पडून होता. एका रिपेअरवाल्याने खोकं न उघडताच सांगितलं, टाकून द्या. मी तर सरळ प्लग लावून बघणार होते, पण तुम्ही म्हणालात, "मशीनला लावू नकोस, आधी पॉवर सप्लाय मोज." मल्टिमीटर मी कधी हातात धरला नव्हता. तुम्ही व्हिडिओ कॉलवर त्या गोल प्लगमधली कुठली पिन लाल वायरला आणि कुठली काळ्याला हे तीनदा दाखवलंत, न चिडता, आणि ५ व्होल्ट यायला हवे तिथे ६ च्या वर येत होते! त्या जुन्या सप्लायमधला रेग्युलेटर गेला की व्होल्टेज चढतं आणि मेमरीच्या चिपा जळतात, हे मला कुठून माहीत असणार? तुम्ही त्या दिवशी फोन उचलला नसता तर पुढचं काही झालंच नसतं.

मग मागच्या यूजर पोर्टला लावायचा वायफाय मोडेम स्वतः सोल्डर करून पोस्टाने पाठवलात, पैशाचं विचारलं तर रागावलात. कमोडोरला वाटतं हा फोनलाईनवरून डायल करणारा जुना हेज मोडेमच आहे, एटीडीटी टाइप केलं की तो डायल करतो, फक्त नंबरच्या जागी सर्व्हरचा पत्ता द्यायचा. दोन रात्री स्क्रीनवर नुसती कचरा अक्षरं येत होती, तुम्ही म्हणालात २४०० च्या स्पीडची हाव सोड, १२०० वर आण, आणि आणल्याबरोबर ओळ स्वच्छ आली.

हा सगळा खटाटोप होता क्वांटम लिंकसाठी, म्हणजे कमोडोरवाल्यांना फोनलाईनवरून जोडणाऱ्या ऑनलाइन सेवेसाठी. ते १९८५ मध्ये व्हर्जिनियात सुरू झालं, त्याच कंपनीचं पुढे अमेरिका ऑनलाइन झालं. आमच्याकडे त्याला क्यूलिंकच म्हणायचे. स्वस्त वेळेत चालायचं, म्हणजे आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर, आणि एकदा बाबा बसले की सांगलीहून आजीने लावलेला फोन एंगेज, मग आईची कटकट. त्यातल्या क्लब कॅरिब नावाच्या खेळात बाबा पडद्यावरच्या आपल्या माणसाचं मुंडकं काढून दुसरं लावायचे आणि मी मांडीवर बसून खिदळायचे. तो खेळ ज्या हॅबिटॅट नावाच्या आधीच्या खेळातून आला, तो बनवणाऱ्यांपैकी चिप मॉर्निंगस्टार यांनी पडद्यावरच्या माणसाला आपला संस्कृत 'अवतार' शब्द लावला, हेही तुम्हीच सांगितलंत, बाबांना केवढा आनंद झाला त्याचा!

नव्वदच्या दशकात क्यूलिंक बंद पडलं. २००५ मध्ये काही हौशी लोकांनी डिस्कवरचा प्रोग्रॅम लाईनवर काय बोलतो ते बघत बघत सर्व्हर नव्याने उभा केला, म्हणून आज जुनी डिस्क जिवंत आहे. त्या लोकांचेही आभार, पण मला तिथपर्यंत हाताला धरून नेलंत ते तुम्ही.

गेल्या महिन्यात बाबांना खुर्चीत बसवलं. वय ८१, हात थरथरतात. त्यांनी दोन बोटांनी जुनं टोपणनाव टाइप केलं, ते अजून कोणी घेतलेलं नव्हतं. गप्पांची खोली, म्हणजे लॉबी, उघडली, आत तिघं होते, कोणीतरी हॅलो लिहिलं. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, लोक आहेत इथे."

आता ते रोज बसतात. दिवसभर कधीही लावता येतं असं मी सांगून पाहिलं, पण सहा वाजल्याशिवाय हात लावत नाहीत.

तुमची,
सांगलीकरांची लेक